फिल्टर बदलला की दळणही बदलतं

नमस्कार मंडळी. समोर कॉफी गाळायचे तीन फिल्टर पेपर मांडून ठेवलेत, सुरुवात त्यांच्यापासूनच करू. पहिला पांढरा, पातळ, शंकूच्या आकाराचा. दुसरा तपकिरी, तोही शंकूच, पण हाताला जाड आणि जरा कडक लागतो. तिसरा सपाट बुडाचा, कडेने चुण्या असलेला. पहिला उजेडासमोर तिरका धरून बघा. अंगावर बारीक सुरकुत्या दिसतील. त्या मुद्दाम पाडलेल्या असतात. कागद ओला होऊन ड्रिपरला, म्हणजे कपावर ठेवायच्या गाळणीच्या भांड्याला, चिकटला तरी त्या खाचांमधून पाण्याला वाट राहते, आणि आतल्या बाजूला कॉफीची अगदी बारीक भुकटी अडकायला जास्त जागा मिळते. गुळगुळीत कागदाला ही सोय नसते, म्हणून तो लवकर तुंबतो.

कॉफी तीच, दळण तेच, पाणी तेवढंच, आणि नुसता कागद बदलला, तर पाणी गळायच्या वेळेत अर्ध्या मिनिटाचा फरक सहज पडतो. वेळ बदलली की चव बदलली. घरी पोअर-ओव्हर, म्हणजे हाताने वरून पाणी ओतून गाळलेली, कॉफी करणारे बहुतेक जण किटलीवर आणि ड्रिपरवर पैसे खर्च करतात, आणि कागद हाताला लागेल तो उचलतात. मग एके दिवशी कॉफी कडू होते आणि दोष बियांना दिला जातो.

१९०८ साली जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये मेलिटा बेंट्झ यांनी पितळी भांड्याला भोकं पाडून त्यात मुलाच्या वहीतला टिपकागद घातला, तेव्हा त्यांना हवी होती बिनगाळाची कॉफी. कागद आजही ते काम करतोच. पण तो आणखी दोन गोष्टी करतो. एक, कॉफीचं तेल बरंचसं अडवतो. त्यातच कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं, जे रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतं. धातूच्या जाळीतून ते कपात उतरतं, कागदातून जवळजवळ उतरत नाही. दोन, पाणी किती वेगाने खाली जाईल यावर तो लगाम ठेवतो. हा लगाम आपल्या हातात नसतो, कारण कागदाची जाडी आणि सच्छिद्रता कारखान्यात ठरलेली असते. आपल्या हातात उरतं ते दळण. म्हणून माझा आग्रह असा, की एक कागद निवडा, त्यालाच चिकटून राहा, आणि वेळ जुळवायची ती दळण बदलून.

निवडायचा कसा? आधी आकार. कागद ड्रिपरच्या भिंतीला सगळीकडे टेकला पाहिजे. व्ही६०सारख्या शंकूच्या ड्रिपरला शंकूचाच कागद, मेलिटाच्या चपट्या बुडाच्या पाचरीला तसाच कापलेला, कलिटा वेव्ह या सपाट बुडाच्या ड्रिपरला चुण्यांचा. शंकूच्या ड्रिपरमध्ये पाचरीचा कागद दुमडून बसवता येतो, पण बुडाशी दुहेरी घडी पडते आणि नेमकं जिथून पाणी जायचं तिथेच वाट अडते. मापाचंही तसंच. ०१ एक-दोन कपांसाठी, ०२ एक ते चार कपांसाठी. मोठ्या ड्रिपरमध्ये दहा ग्रॅम कॉफी घातली तर थर इतका पातळ होतो की पाणी कॉफीत न मुरता कडेच्या कागदातून परस्पर निसटतं. एकट्यासाठी करणार असाल तर लहान ड्रिपर घ्या.

मग जाडी. केमेक्स या काचेच्या कॉफीच्या भांड्याचा कागद सगळ्यांत जाड गटातला. हे भांडं १९४१ साली पीटर श्लुम्बोम या रसायनशास्त्रज्ञाने बनवलं, आणि जाड कागद हा त्या रचनेचाच भाग. कॉफी अगदी स्वच्छ, हलकी उतरते, पण दळण जाडसर लागतं, नाहीतर पाच मिनिटं झाली तरी पाणी वरच दिसतं. त्यात घडी घालताना तीन पदर ओतायच्या नाळेकडे ठेवायचे. एकपदरी बाजू तिकडे गेली तर ओला कागद नाळेत खचतो, हवा बाहेर पडायची वाट बंद होते आणि गळणं थांबतं.

रंगाबद्दल लोक फार बोलतात, त्यामानाने विषय छोटा आहे. तपकिरी कागद विरंजन न केलेला असतो आणि त्याला पुठ्ठ्यासारखी चव जास्त असते. पांढऱ्या कागदाचं विरंजन चांगले उत्पादक आता ऑक्सिजनने करतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चवीसाठी पांढरा घ्यावा. तपकिरी घेतलाच तर धुवायला गरम पाणी दुप्पट घ्या. अबाका म्हणजे मनिला हेम्पचे तंतू मिसळलेले कागदही मिळतात. ते ओले असताना मजबूत राहतात आणि पाणी मोकळं सोडतात. आणि कुठलाही कागद असो, पाकीट उघडं ठेवू नका. कागद आसपासचा वास ओढून घेतो आणि तो तुमच्या कपात सोडतो.

आता करून बघू. १५ ग्रॅम कॉफी, २४० ग्रॅम पाणी. एकास सोळा. पाणीही वजनकाट्यावरच मोजायचं. चमच्याने मोजलं तर चालेल का, असं समोरून विचारताहेत. नाही चालणार. गडद भाजलेली बी फुगलेली आणि हलकी असते, कमी भाजलेली घट्ट आणि जड. चमचा तोच, वजन वेगळं. दहाव्या भागापर्यंत ग्रॅम दाखवणारा साधा काटा ही या सगळ्या सरंजामातली सर्वांत उपयोगी वस्तू आहे. त्यानंतर दळणयंत्र, पात्यांचं नव्हे, ‘बर’चं, म्हणजे दोन दातेरी चकत्यांमध्ये बी भरडणारं. पाती बी चेचतात, त्यातून मोठे तुकडे आणि पीठ एकत्र निघतं. पीठ कागद तुंबवतं आणि कडवट होतं, मोठे तुकडे कच्चे राहून आंबट लागतात, आणि एकाच कपात दोन्ही दोष येतात.

कागदाची शिवण दुमडा, कागद ड्रिपरमध्ये बसवा आणि गरम पाण्याने पूर्ण भिजवा. कागदाची चव जाते, ड्रिपर तापतो, कागद भिंतीला नीट बसतो. चुण्यांच्या कागदावर मात्र धार मधोमध सोडा. कडेला सोडली तर चुण्या खचतात. खालचं पाणी टाकून द्या. हे विसरलात तर पुढची सगळी वजनं व्यर्थ! कॉफी घाला, ड्रिपर हलवून थर सपाट करा, काटा शून्यावर आणा.

पहिलं पाणी ४५ ग्रॅम, कॉफीच्या तिप्पट, आणि घड्याळ सुरू. सगळी पूड भिजली पाहिजे, कोरडी गुठळी राहता कामा नये. बघा, थर फुगतोय, बुडबुडे येताहेत. भाजताना बीमध्ये कोंडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय. तो आत असेपर्यंत पाण्याला बीमध्ये शिरू देत नाही, म्हणून ४० सेकंद थांबायचं. थर अजिबात फुगला नाही तर कॉफी शिळी आहे. उलट, कालच भाजलेली कॉफी इतकी उसळते की पाणी सगळीकडे सारखं पोचत नाही. कमी भाजलेल्या बियांना भाजणीनंतर आठवडा-दोन आठवडे द्यावेत.

४० सेकंदांनी मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला गोल गोल ओतत १५० ग्रॅमपर्यंत जा. धार पेन्सिलीच्या शिसाएवढी, उंची कमी. धार उंचावरून सोडली तर थराला खड्डा पडतो आणि सगळं पाणी त्याच वाटेने पळतं. कागदाच्या भिंतीवर ओतायचं नाही. पाणी अर्धं उतरलं की पुन्हा २४०पर्यंत. शेवटचं ओतणं पावणेदोन मिनिटांच्या आसपास संपावं. मग ड्रिपर एकदाच हलकेच गोल फिरवा, म्हणजे कडेला चिकटलेली पूड खाली येईल. जोरात फिरवलं की बारीक पीठ तळाशी जाऊन कागदाची छिद्रं बुजवतं.

सगळं पाणी पावणेतीन ते सव्वातीन मिनिटांत उतरायला हवं. खाली सुमारे २१० ग्रॅम कॉफी मिळेल, कारण चोथा आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवतो. या १५ ग्रॅममधून विरघळून कपात येतात साधारण तीन ग्रॅम, म्हणजे वीस टक्के. अठरा ते बावीसच्या दरम्यान चव सहसा समतोल लागते. आम्लं आणि फळांसारखे वास आधी उतरतात, गोडवा मागून, कडवट आणि तुरट द्रव्यं सर्वांत शेवटी.

त्यामुळे दोष ओळखायला घड्याळ आणि जीभ दोन्ही लागतात. दोन मिनिटांत उतरली आणि आंबट, पोकळ लागली, तर दळणयंत्र एक खूण सरकवून दळण बारीक करा. चार मिनिटं लागली आणि कडू लागली, तर जाड करा. वेळ बरोबर, चव बरोबर, पण पाणचट? दळणाला हात लावू नका, कॉफी एक ग्रॅम वाढवा. कॉफी कच्ची असणं आणि पातळ असणं यात लोक नेहमी गल्लत करतात. वेळ बरोबर असून जीभ कोरडी पडत असेल, तर पाण्याने कुठेतरी चोरवाट केली आहे. चोथा बघा: एका बाजूला खड्डा किंवा भेग दिसेल. सपाट, किंचित खोलगट थर आणि भिंतीवर पातळ लेप असेल तर ओतणं ठीक होतं. वर चिखलासारखा गुळगुळीत साय-थर आला असेल तर पीठ जास्त आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला, हे वेगळं सांगायला नको.

२०१६मध्ये डब्लिनला झालेली जागतिक ब्रूअर्स कप ही हाताने गाळलेल्या कॉफीची स्पर्धा जपानच्या तेत्सु कासुया यांनी जिंकली ती चार-सहा पद्धतीने, म्हणजे पाण्याचे चाळीस आणि साठ टक्के असे दोन टप्पे करून. २० ग्रॅम जाडसर कॉफी, ३०० ग्रॅम पाणी, साठ-साठचे पाच भाग, दर ४५ सेकंदांनी एक. पहिल्या दोन भागांत आंबट-गोडाचा तोल, उरलेल्या तिनांत दाटपणा. ज्यांच्याकडे लांब नळीची किटली नाही त्यांना ही पद्धत सोपी जाते, कारण दळण जाड असल्याने ओतण्यातली थोडी चूक खपून जाते.

तापमानाचं थोडक्यात. कमी भाजलेल्या कॉफीला उकळतं पाणी लगेच ओतलं तरी चालतं, कारण ड्रिपरमध्ये पडेपर्यंत ते निवतंच. मध्यम भाजणीला ९२ ते ९५ अंश, गडद भाजणीला ८६ ते ९०. चिनी मातीचा ड्रिपर देखणा असतो, पण नीट तापवला नाही तर उष्णता खातो. प्लॅस्टिकचा स्वस्त ड्रिपर याबाबतीत सरस आहे. डोंगरावर राहत असाल तर लक्षात ठेवा, दर ३०० मीटर उंचीला पाणी सुमारे एक अंश आधी उकळतं.

पाण्याकडे मात्र नीट लक्ष द्या. जड पाण्यातली बायकार्बोनेटं कॉफीतली आम्लं मारून टाकतात आणि चव सपाट, खडूसारखी होते. क्षार पूर्ण काढलेलं पाणीही नको, त्यात कॉफी टोकदार आणि पोकळ लागते. लिटरला ७५ ते १५० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार असलेलं पाणी चांगलं. घरचं पाणी फार जड असेल तर त्यात शुद्ध केलेलं पाणी मिसळून बघा, निम्मं-निम्मं हे सुरुवातीला ठीक. त्याच बिया, तेच दळण ठेवून दोन पाण्यांची कॉफी शेजारीशेजारी पिऊन बघितली की फरक कळतो.

शेवटचा प्रश्न मागून आलाय, कापडी फिल्टरचा. चव फार छान येते, तेल थोडं उतरतं आणि गाळ नसतो, म्हणजे कागद आणि जाळी यांच्या मधलं. पण त्याची निगा राखावी लागते. नवं कापड आधी उकळून त्याची खळ काढा. वापरानंतर नुसत्या गरम पाण्याने धुवा, साबण कधीही लावू नका, त्याचा वास निघत नाही. वाळवूही नका, कारण तंतूंत राहिलेलं तेल हवेत खवट होतं. स्वच्छ पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, पाणी रोज बदला, अधूनमधून उकळा. उकळूनही धार मंदच राहिली किंवा वास राहिला, तर ते कापड टाकून नवं घ्या.