लुगड्याची घडी

[धानाचे बांध, सकाळ]

पूर्व विदर्भातली रोवणी. पोटरीभर चिखल, वाकलेल्या पाठींची रांग. त्यातल्या तिसऱ्या मावशींकडे बघा. मध्येच त्या उभ्या राहतात, एक हात ओटीपोटाखाली दाबतात आणि पुन्हा वाकतात. आत लुगड्याची जुनी घडी घट्ट बांधली आहे. अकरा वर्षं झाली.

"मायांग बाहेर येते," एवढंच त्यांनी आशाताईंना सांगितलं. तेही यंदा पहिल्यांदा.

गर्भाशय, मूत्राशय आणि गुदाशय यांना खालून तोलून धरणारे स्नायू आणि बंध बाळंतपणात ताणले जातात. पाळी गेल्यावर ते आणखी सैल पडतात. त्यावर रोजचे हंडे, सरपणाच्या मोळ्या, जुना खोकला. मग अंग, म्हणजे हेच अवयव, योनीवाटे खाली सरकू लागतं.

१९८९ साली डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची पाहणी 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. आधी कधी तपासणी आणि उपचार झाले होते ते फक्त ८ टक्के जणींचे.

[तपासणीची खोली, हिरवा पडदा]

पडद्यामागे आम्ही कॅमेरा नेला नाही. आवाज तेवढा ऐका.

"मावशी, लघवी करून आलात ना? आता खोका बघू. अजून. संडासला बसल्यावर देता तसा जोर द्या."

या तपासणीला मोठं यंत्र लागत नाही. सिम्स स्पेक्युलम या चमच्यासारख्या उपकरणानं योनीची मागची भिंत बाजूला धरली की पुढून मूत्राशय उतरतंय का ते दिसतं. पुढची भिंत धरली की गुदाशयाचा फुगवटा कळतो. योनीमुखाची कड म्हणजे शून्य. तिथून किती आत, किती बाहेर, ते सेंटिमीटरमध्ये मोजायचं. झोपून नीट दिसलं नाही, तर उभं करून बघायचं. मावशींचं अडीच सेंटिमीटर बाहेर आलं आहे. अंग उतरण्याची ही तिसरी पायरी.

[टेबलावर रिंग, डॉक्टरबाईंचे हात]

ही सिलिकॉनची रिंग, पेसरी. डॉक्टरबाई नमुन्यावर दाखवतात: दुमडायची, आत सरकवायची, सोडली की ती उघडते आणि अंग वर धरून ठेवते. माप बरोबर बसलं का हे बाईनं चालून, उकिडवं बसून, लघवी करून ठरवायचं. रुतायला नको, निसटायलाही नको. अंग थोडंच उतरलेलं असेल, तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायामही उपयोगी पडतात.

[जुनं छायाचित्र]

हे मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. वि. ना. शिरोडकर, जन्म १८९९, गोव्यातलं शिरोडा. ज्या तरुण बाईला अजून मूल हवं आहे, तिचं गर्भाशय काढायचं कसं? त्यांनी ते पट्टीनं मागे, माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला टांगलं. मुंबईच्याच डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी पोटाच्या स्नायूंवरच्या आवरणाच्या पट्ट्या वापरून ते पुढून ओढून धरलं. "अंग आलं, पिशवी काढा," असं सरसकट सांगणाऱ्यांनी हे छायाचित्र जरूर बघावं.

शस्त्रक्रिया कधी कधी लागतेच, आणि त्यानंतरही अंग पुन्हा उतरू शकतं.

[व्हरांडा]

मावशी चालून बघतात. टोकापर्यंत जाऊन परत. उकिडव्या बसतात, उठतात. घडी पिशवीत ठेवली आहे.

कार्डावर तीन महिन्यांनंतरची तारीख आहे: रिंग काढून, धुऊन, आत जखम नाही ना ते बघायला. एसटी साडेतीनची.