फाटकाचे तिकीट आणि पाळण्याचे तिकीट

मित्रहो, आपल्या ग्वाल्हेरच्या मेळ्याला फाटकावर तिकीट नाही. १९०५ साली महाराज माधवराव शिंदे यांनी गुरांच्या बाजारासह सुरू केलेला हा मेळा आज मुख्यतः व्यापारी झाला असला, तरी आत शिरायला पैसे पडत नाहीत ही गोष्ट टिकून आहे. त्यामुळे शहराच्या लष्कर भागातले एखादे मोठे कुटुंब मेळ्यात आले, तर आजी-आजोबा बाकावर ऊन खात बसतात, घरातल्या बायका चादरी आणि चिनी मातीच्या बरण्या पाहत फिरतात, आणि पैसे मोजावे लागतात ते फक्त आकाशपाळण्यात बसणाऱ्या मुलांसाठी. हेच कुटुंब खोपोलीजवळच्या इमॅजिका किंवा बंगळुरूच्या वंडरला अशा करमणूक उद्यानात गेले, तर प्रत्येकाचे तिकीट फाटकावरच काढावे लागते, आणि आतल्या बहुतेक पाळण्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. दोन्हीकडे विकली जाते ती करमणूकच. पैसे कोठे आणि केव्हा घ्यायचे एवढाच फरक आहे, आणि त्या फरकातून कोणाच्या खिशावर किती भार पडतो हा आजच्या बोलण्याचा विषय आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. ज्याला एकाही पाळण्यात बसायचे नाही, त्याच्याकडून बसणाऱ्याइतके पैसे घेणे मला रास्त वाटत नाही, आणि ते टाळणे उद्यानांना सहज जमण्यासारखे आहे.

फाटकावर सगळे पैसे घेण्याची पद्धत आज इतकी रुळली आहे की ती पहिल्यापासूनच असावी असे वाटते. प्रत्यक्षात तसे नव्हते. कोपनहेगनमधले टिवोली हे उद्यान १८४३ पासून चालू आहे, आणि तिथे आजही प्रवेशाचे तिकीट वेगळे व पाळण्यांचे वेगळे घेता येते. संध्याकाळी नुसते दिवे पाहायला आणि बँड ऐकायला येणारा माणूस प्रवेशापुरतेच पैसे देतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातले डिस्नेलँड जुलै १९५५ मध्ये उघडले, तेव्हा मोठ्या माणसाचा प्रवेश एक डॉलर होता आणि प्रत्येक पाळण्याचे पैसे त्या त्या ठिकाणी द्यावे लागत. थोड्याच महिन्यांत त्यांनी तिकिटांची पुस्तिका काढली. ए, बी, सी अशी अक्षरे घातलेली ही तिकिटे असत आणि साध्या चक्राला ए लागे. पुढे डी आले, आणि १९५९ साली सर्वांत थरारक पाळण्यांसाठी ई आले. या पुस्तिकेत एक फार विचारपूर्वक केलेली सोय होती. ई तिकिटे मोजकीच असत, त्यामुळे ती संपली की लोक उरलेली ए आणि बी वापरायला आपसूक लहान पाळण्यांकडे वळत. गर्दी साऱ्या उद्यानात पसरवण्याचे काम दोरखंड न बांधता आणि पहारेकरी न नेमता तिकिटाच्या कागदानेच साधले जात होते. ही पुस्तिका १९८२ मध्ये बंद झाली आणि सरसकट एकच तिकीट आले. तोवर टेक्सासमधल्या सिक्स फ्लॅग्ज या उद्यानाने १९६१ पासूनच एका रकमेत सारे पाळणे ही पद्धत चालवून दाखवली होती.

या प्रश्नावर अर्थशास्त्रातला एक प्रसिद्ध निबंध आहे. वॉल्टर ओई यांनी तो १९७१ साली लिहिला आणि उदाहरण म्हणून डिस्नेलँडच घेतले. त्यांचे म्हणणे साध्या भाषेत असे मांडता येईल. येणारे सगळे लोक एकसारख्या आवडीचे असतील, तर मालकाने पाळण्याचा दर खर्चापुरता ठेवावा आणि नफा फाटकावर वसूल करावा, कारण पाळणे स्वस्त असले की लोक मनसोक्त बसतात आणि त्या समाधानापोटी फाटकावर जास्त रक्कम द्यायला तयार होतात. पण लोक एकसारखे नसतात. एखादा दिवसभर पाळण्यांवरून उतरत नाही, तर एखादा नातवाचा हात धरून नुसता सोबत येतो. अशा वेळी फाटकाचा दर चढा ठेवला तर दुसरा माणूस घरीच राहतो, आणि कित्येकदा त्याच्या मागे सारे कुटुंब घरी राहते. म्हणून फाटक कमी आणि पाळण्यावर थोडा नफा, अशी विभागणी मालकाच्याही हिताची ठरू शकते. आपल्या मेळ्याच्या व्यवस्थेला या मांडणीत अगदी टोकाची जागा आहे. इथे फाटकाचा दर शून्य आहे, कारण दुकानदार जागेचे भाडे देतात आणि त्यांना गर्दी हवी असते. मेळ्यात घेतलेल्या वाहनाला रस्ता करात निम्मी सूट देण्याचा प्रघात राज्य सरकारने अनेक वर्षे पाळला, त्यामागेही हेच गणित आहे: आधी माणूस आत येऊ द्या, खरेदी मागाहून होते.

मात्र मेळ्याची पद्धत सर्व बाबतींत चांगली आहे असे मी म्हणणार नाही. जानेवारीतल्या एखाद्या रविवारी संध्याकाळी आकाशपाळण्यापाशी उभे राहून पाहा. खिडकीवरच्या पाटीवर दर तोच असतो, रंगीत चिठ्ठीही तीच असते, पण रांग वाढली की पाळणेवाला फेऱ्या कमी करतो. दुपारी रिकाम्या पाळण्यात मुले कंटाळेपर्यंत वर-खाली होत असतात. संध्याकाळी नुकता वेग येतो न येतो तोच खालून शिट्टी वाजते. म्हणजे गर्दीच्या वेळी दर वाढलेलाच असतो, फक्त तो पाटीवर लिहिलेला नसतो. मी यासाठी पाळणेवाल्याला दोष देत नाही, कारण त्याची अडचण खरी आहे. वीस जण बसणारा पाळणा चढ-उतार धरून तीन मिनिटांत एक फेरी करत असेल, तर तासाला चारशे माणसांपलीकडे तो जाऊ शकत नाही. पाचशे माणसे आली की कोणीतरी थांबणार, कोणीतरी कमी फिरणार किंवा कोणीतरी जास्त पैसे देणार. चौथा मार्ग नाही.

मोठ्या उद्यानांचीही अडचण हीच आहे, फक्त ती शंभरपटीने मोठी आहे. जमीन, यंत्रे, कर्जावरचे व्याज, देखभाल आणि सुरक्षा यांचा खर्च माणसे आली काय आणि न आली काय, जवळपास तेवढाच होतो, आणि मंगळवारी रिकामी राहिलेली जागा, सुटून गेलेल्या गाडीतल्या रिकाम्या बर्थसारखी, रविवारी विकता येत नाही. यातून दिवसागणिक वेगळा दर निघाला. डिस्नेने फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या उद्यानांसाठी दिवसांचे तीन वर्ग पाडले. कॅलिफोर्नियात एका दिवसाचे तिकीट वर्गानुसार ९५, १०५ आणि ११९ डॉलर झाले. त्याआधी ते सरसकट ९९ डॉलर होते. म्हणजे शांत दिवसाचा दर खरोखरच खाली आला, आणि ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. वाढीव दराचे समर्थन एकाच कारणाने करता येते: ज्याला तारीख बदलता येते त्याला ती बदलण्याचा मोबदला मिळावा. पण पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथला सर्वांत स्वस्त दिवस १०४ डॉलरचा होता आणि सर्वांत महाग दिवस २०६ डॉलरचा. वरचा दर खालच्याच्या दुपटीच्या घरात गेला की तारीख बदलणे ज्यांच्या हाती नाही त्यांचा विचार करावा लागतो. शाळेच्या सुट्ट्या पालक ठरवत नाहीत. रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाला किंवा सराफ्यातल्या दुकानावर बसणाऱ्या नोकराला मंगळवारची रजा मिळत नाही. त्याला जो एक दिवस मिळतो तो नेमका सर्वांत महाग असतो. म्हणून दिवसागणिक दराला माझा विरोध नसला तरी दोन अटी मी आवश्यक मानतो. सगळ्या वर्षाचे दरपत्रक आधी जाहीर व्हावे, आणि शाळांच्या सुट्टीतले निदान काही दिवस तरी मधल्या दराचे असावेत.

रांग विकणे ही मात्र निराळी गोष्ट आहे, आणि तिथे माझे मन कठोर होते. डिस्नेने १९९९ मध्ये वेळ राखून ठेवण्याची चिठ्ठी सुरू केली तेव्हा ती सर्वांना फुकट होती. माणूस ठरलेल्या वेळी परत येई आणि मधल्या वेळात दुसरीकडे फिरे. २०२१ मध्ये त्या जागी पैसे देऊन रांग टाळण्याची सोय आली. आपल्याकडेही वंडरलात जास्त पैसे देऊन लवकर पुढे जाण्याचे तिकीट मिळते. आता नीट विचार केला तर पाळण्याची ताशी क्षमता या तिकिटाने वाढत नाही. जो पुढे गेला, त्याचा वाचलेला वेळ मागे उभ्या असलेल्यांच्या वेळातून आलेला असतो, आणि त्या मागच्या लोकांनीही पूर्ण तिकीट काढलेले असते. महाग दिवसाचे तिकीट निदान कोणाच्या तरी पायाला विसावा देते, कारण गर्दी दुसऱ्या दिवसावर जाते. रांगेच्या तिकिटाने गर्दी तिथेच राहते. शंभरपैकी पाच जागा अशा विकल्या तर मागच्यांना जाणवणार नाही, पण तीस विकल्या तर ज्यांनी घेतले नाही त्यांनाही ते घेणे भाग पडते. ही मर्यादा किती ठेवली आहे हे फाटकावर लिहिलेले असले पाहिजे.

आता हंगामी करमणुकीकडे वळतो. उद्यानातले सण-उत्सव लोकांच्या हौसेखातर असतात हे खरेच, पण त्यांच्या तारखा पाहिल्या तर ते बहुधा मोकळ्या दिवसांत बसवलेले दिसतात. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्मने १९७३ साली हॅलोविनच्या भुताखेतांच्या रात्री सुरू केल्या, आणि तेही ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तिथल्या शाळा सुरू होऊन उन्हाळी गर्दी ओसरलेली असते तेव्हा. टिवोली हिवाळ्यात बंद असे; १९९४ पासून ते नाताळच्या बाजारासाठी उघडू लागले आणि ज्या महिन्यांत काहीच उत्पन्न नव्हते ते महिने भरले. फ्लोरिडात डिस्नेने १९९५ साली हॅलोविनची जी संध्याकाळ सुरू केली, तिचे तिकीटच वेगळे आहे: दिवसाच्या पाहुण्यांना लवकर बाहेर काढून तीच जागा त्याच दिवशी दुसऱ्यांदा विकली जाते. हे मला गैर वाटत नाही, पण दिवसाचे तिकीट घेणाऱ्याला आपला दिवस आखूड आहे हे आधी कळले पाहिजे आणि त्याचा दर त्या प्रमाणात कमी असला पाहिजे.

आपल्याकडचा हंगाम फार वेगळा चालतो. पाण्याची उद्याने एप्रिल ते जून या तीन महिन्यांत वर्षाची कमाई करतात. ग्वाल्हेरचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा तिथे मुंगीला शिरायला जागा नसते आणि डिसेंबरात तिथले कुंड कोरडे असतात. मेळ्याचे नेमके उलट आहे. डिसेंबरात तानसेन समारोह असतो, त्याला तर प्रवेशही विनामूल्य असतो, आणि त्याच्या मागोमाग मेळ्याचे दिवस येतात. पण याच काळात धुके पडते, गाड्या तासन्‌तास उशिरा येतात, आणि बाहेरगावच्या माणसाने आगाऊ काढलेले तारखेचे तिकीट वाया जाऊ शकते. म्हणून उत्तर भारतात हंगामी कार्यक्रमाचे तिकीट एका तारखेला बांधलेले नसावे, चार-पाच दिवसांच्या मुदतीचे असावे. दरात करही धरावा लागतो. करमणूक उद्यानांच्या प्रवेशावर जुलै २०१७ मध्ये जीएसटी २८ टक्के लागला आणि २५ जानेवारी २०१८ पासून तो १८ टक्के झाला. हा कर प्रवेशाच्या साऱ्या रकमेवर बसतो, त्यामुळे न बसणाऱ्या आजीच्या न घेतलेल्या फेऱ्यांवरही आपण कर भरतो.

तेव्हा सोबत्याच्या, म्हणजे पाळण्यात न बसता नुसते सोबत येणाऱ्याच्या, तिकिटाबद्दल नेमके सांगतो. मुलांचे तिकीट वयाऐवजी उंचीवर ठरवण्याची पद्धत आपल्या मोठ्या उद्यानांत आहेच. फाटकाशी खुणा केलेली पट्टी असते, तिच्यापाशी मुले टाचा उंचावतात आणि आई त्यांचे गुडघे हळूच वाकवते. उंचीची पट्टी चालते, कारण कागदपत्रे मागावी लागत नाहीत आणि पाळण्यात बसण्याची सुरक्षाही उंचीवरच ठरते. सोबत्याचेही तसेच करता येईल. त्याला वेगळ्या रंगाचा मनगटपट्टा द्यावा. पाळण्याच्या तोंडाशी उभा असलेला कर्मचारी सुरक्षेच्या कड्या तपासतोच, त्याच वेळी रंगही पाहील. दर जेवणघर, स्वच्छता, सावली आणि बाक यांच्या खर्चापुरता असावा, पूर्ण तिकिटाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. आत गेल्यावर आजोबांना नातवाबरोबर एकदा आगगाडीत बसावेसे वाटले, तर तिथल्या तिथे त्या एका फेरीचे पैसे घेऊन बसू द्यावे. वयाची अट मुळीच घालू नये, कारण सोबती नेहमी म्हातारेच नसतात: गरोदर सून असते, पाठीचे दुखणे असलेला मुलगा असतो, तान्हे बाळ कडेवर घेतलेली आई असते. इंदूर-भोपाळच्या रस्त्यावर असे उद्यान उभारण्याचा विचार करणारे कोणी इथे बसले असतील, तर त्यांनी पहिल्या हंगामात आठवड्याचे तीन दिवस हा पट्टा देऊन पाहावा आणि त्या दिवशीचा खाण्यापिण्याचा गल्ला बाकीच्या दिवसांशी ताडून पाहावा.