रुळांपलीकडून आलेली साद

नमस्कार श्रोतेहो. भीमाशंकरला शेकरू पाहिलंय ना तुम्ही? या झाडावरून त्या झाडावर, खाली उतरायचं म्हटलं की जिवावर येतं त्याच्या. आज त्याच्याच जातकुळीचा स्वभाव असलेल्या एका प्राण्याबद्दल बोलायचंय. हुलॉक गिबन. आसामात त्याला हलौ म्हणतात. याला माकड म्हणू नका, शेपूटच नाही त्याला. हा चिंपांझी-गोरिलाच्या गोतातला, भारतातला एकमेव कपी, म्हणजे इंग्रजीत ज्याला 'एप' म्हणतात तो.

जोरहाट जिल्ह्यात होलोंगापार अभयारण्य आहे. जेमतेम २१ चौरस किलोमीटर, चहूबाजूंनी चहाचे मळे आणि मधून गेलेली रेल्वे. मी तिथे गेले होते. सकाळची वेळ, धुकं नुकतं विरत होतं. रुळांपाशी पोचलो तेव्हा वनरक्षकदादांनी हात आडवा केला. वर पाहिलं, तर कडेच्या झाडावर जोडी! नर काळाकुळकुळीत, भुवया पांढऱ्याशुभ्र. मादी भुरकट सोनेरी, पोटाशी पिल्लू. ती अगदी शेंड्याच्या फांदीवर सरकत आली. एका हाताने फांदी धरलेली, दुसरा हात मोकळा, रुळांच्या दिशेने. पलीकडे झाडं होती, पण मध्ये फांदी नव्हती. लोंबकळत राहिली बराच वेळ, मग वळली.

आणि मग ती दोघं गाऊ लागली. हो, गिबनची जोडी मिळून गाते. हू-कू, हू-कू, आवाज चढत चढत जातो, अंगावर काटा येतो. ती थांबली, आणि रुळांच्या पलीकडून उत्तर आलं! तिकडच्या तुकड्यातही गिबन आहेत. आवाज पोचतो, ते पोचत नाहीत. दादा म्हणाले, "ताई, आम्हाला ही चार पावलं. त्यांना हा समुद्र."

हे ध्यानात ठेवा श्रोतेहो: गिबन सहसा जमिनीवर उतरत नाही. फांदीला फांदी भिडली तरच त्याचा रस्ता. जंगल नुसतं असून भागत नाही, सलग असावं लागतं. फळं कुठे पिकलीत, तिकडे त्याला जाता यायला हवं.

म्हणूनच पुण्यात रस्तारुंदीसाठी वड पाडून "बदल्यात दहा रोपं लावू" म्हणतात ना, ते मला मुळीच पटत नाही. दहा रोपांच्या फांद्या कुणाला भिडणार? वडाच्या पारंब्यांवर किती पिढ्या खेळल्या, खारी, पोपट, वटवाघळं...

असो. हलौकडे येते. आम्ही निघालो तेव्हा मालगाडी आली. धडधडत गेली, लांबलचक. ती गेल्यावर सगळं शांत झालं, आणि पलीकडून पुन्हा एकदा हू-कू. या वेळी अलीकडून कुणी उत्तर दिलं नाही.