गच्चीला अनुदान, उंबरठ्याला काय?

(पुण्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघातलं व्याख्यान. शब्दांकनात थोडी काटछाट केली आहे.)

मागे ऐकू येतंय ना? फळ्यावर विषय लिहिलाय, 'घरासाठी सरकारी अनुदानं : ऊर्जाबचत आणि सुगम्यता'. सुगम्यता हा सरकारी शब्द. म्हातारपणी आपल्याच घरात आपल्याला हिंडता-फिरता येणं, एवढाच त्याचा अर्थ. मला पस्तीस मिनिटं दिली आहेत. मी तेहतीस वर्षं वीज मंडळात काढली, त्यामुळे पुरवठा वेळेवर खंडित होईल याची हमी देत नाही.

आकडे आधी सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढेच हवेत ते डुलकी काढायला मोकळे. पीएम सूर्यघर योजना, म्हणजे घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवायला केंद्राचं अनुदान, फेब्रुवारी २०२४ पासून. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. झाले ७८,०००. त्यापुढे कितीही पॅनेल लावा, ७८,०००च. सोसायटीच्या लिफ्ट-पंपासाठी किलोवॅटमागे १८,०००. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट गच्ची लागते, आणि सरासरी रोज चार युनिट मिळतात. गच्चीवर शेजारच्या आंब्याची सावली येत असेल तर आधी शेजाऱ्याशी संबंध सुधारा.

आता अर्ज. पोर्टलवर मी ग्राहक क्रमांक टाकला आणि समोर नाव आलं आमच्या नानांचं. नाना १९९८ साली गेले. म्हणजे सव्वीस वर्षं नाना मरणोत्तर बिल भरत होते, तेही एकदाही थकबाकी न ठेवता. हसताय, पण इथे किती जणांच्या बिलावर वडिलांचं नाव आहे? हात वर करा बरं. बघा! अर्धं सभागृह.

चूक माझीच. बिलावरचं नाव बदलायला वीज कार्यालयात गेलो. ज्या परिपत्रकावर बोट ठेवून खिडकीपलीकडचा मुलगा मला परत पाठवत होता, तसली परिपत्रकं मी स्वतः नोकरीत असताना वाटलेली आहेत. मृत्यूचा दाखला, मिळकतीचा उतारा, वारसांची संमती. बहीण बेळगावला, तिने आठ दिवसांत सही करून पाठवली. धाकटा भाऊ इंदूरला. त्याचा रात्री दहाला फोन. "दादा, फक्त मीटरच ना? की मीटरमागची भिंतही?" मी म्हटलं, अरे, सूर्य सगळ्यांचाच आहे, मला फक्त बिल माझ्या नावावर हवंय. तर म्हणे, वहिनींना विचारून सांग. इंदूरची माणसं पोहे प्रेमाने खाऊ घालतात, पण कागदावर सही म्हटली की शेव मोजून घालतात. त्या सहीला दोन महिने गेले. मध्ये दिवाळी आली, त्याने फराळ पाठवला. डबा उघडून आधी संमतीपत्र शोधलं. नव्हतं. शेवटी मी जाऊन घेऊन आलो. रेल्वेचं भाडं अनुदानात बसत नाही.

असो. तीन किलोवॅट बसले. पहिलं बिल आलं, नुसता स्थिर आकार. मी ते आईला वाचून दाखवलं. आई तेव्हा शहाऐंशीची. त्याच महिन्यात ती न्हाणीघराच्या उंबरठ्याला अडखळून पडली. चार इंचांचा उंबरठा, पाणी बाहेर येऊ नये म्हणून नानांनीच बांधून घेतलेला. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, चाकाची खुर्ची आली. खुर्ची सव्वीस इंच, न्हाणीघराचं दार चोवीस. मग आई दिवसभर हॉलमध्ये, फुकटच्या विजेवर फिरणाऱ्या पंख्याखाली, आणि दहा पावलांवरच्या न्हाणीघरात न्यायला दोन माणसं.

दार फोडून रुंद करणं, उंबरठा काढणं, धरायला दांड्या, फरशी, चौतीस हजार लागले. त्यासाठी कुठे अर्ज करावा म्हणून मी हिंडलो. मिळतात त्या वस्तू. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्टच्या पुढच्यांना, उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर, एकदाच ३,००० रुपये. त्यात काठी, चष्मा, कमोड खुर्ची घेता येते. चांगलंच आहे. पण खुर्ची ज्या दारातून जायची त्या दाराकडे कुणी बघत नाही.

हो, चिठ्ठी मिळाली. पाच मिनिटं. म्हणजे जे बोलायला आलो होतो ते आता पळत पळत.

एक. जपानमध्ये २००० सालापासून काळजी विमा आहे, म्हणजे म्हातारपणी लागणाऱ्या देखभालीचा विमा. त्यात घरदुरुस्तीला दोन लाख येनपर्यंतचा खर्च धरतात, थोडा वाटा आपण भरायचा. दांडी बसवणं, पायरी काढणं, न घसरणारी फरशी, सरकतं दार, पाश्चात्त्य पद्धतीचा संडास. एवढंच, पण नेमकं. इंग्लंडमध्ये नगरपालिका याच कामांना तीस हजार पौंडांपर्यंत देते, आणि आधी घर बघायला ऑक्युपेशनल थेरपिस्ट येतो, म्हणजे माणसाला रोजची कामं स्वतः कशी जमतील हे बघणारा तज्ज्ञ.

दोन. आपल्याला नवी योजना मागायला नको. पुणे महापालिका सोलर, गांडूळखत, पर्जन्यजलसंधारण यांपैकी एक केलं तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन केली तर १० टक्के सूट देते. त्याच यादीत चौथी ओळ घाला, 'न्हाणीघर व प्रवेशद्वार सुगम'. सोलर तपासायला माणूस येतोच, तो दाराला टेपही लावेल. ठराव मी लिहून आणलाय. सह्या हव्यात, इंदूरसारख्या नकोत.

तीन. रॅम्पचा उतार एकास बारा. चार इंचांच्या उंबरठ्याला चार फूट रॅम्प. पाच फुटी न्हाणीघरात तो कुठे घालणार? म्हणून उंबरठा काढा आणि दाराशी जाळीची नाली घ्या. दारच्या दोन पायऱ्या एक फूट असतील तर रॅम्प बारा फूट. स्कूटर चढवायला केलेला उतार म्हणजे रॅम्प नव्हे, त्यावरून खुर्ची घसरते आणि ढकलणाराही.

चार राहिलं. ते गवंड्याबद्दल होतं, गच्चीच्या गळतीसाठी तो येतोच तेव्हाच न्हाणीघराचं काम काढावं, भिंत दोनदा फोडू नये.

प्रश्न? नाही, काका, सहीचे पेन माझ्याकडे आहेत. तुम्ही आधी बिलावरचं नाव बघून या.