शेवटच्या गाण्याचं काम

मंडळी, ‘गुड विल हंटिंग’ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय, म्हणून कथा सांगत नाही. जाहीर झालेला विषय आहे, या चित्रपटात गायक-गीतकार एलियट स्मिथची गाणी नेमकं काय करतात. त्याकडे येतोच. पण २३ मार्च १९९८ ची रात्र सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

लॉस एंजेलिसचं श्राइन ऑडिटोरियम, ऑस्करचा सोहळा. वर्ष ‘टायटॅनिक’चं, १४ नामांकनं, ११ पुरस्कार. गाण्यांच्या नामांकनांत सेलीन डिऑन, मायकेल बोल्टन या बड्या गायकांच्या पंगतीला ‘मिस मिझरी’ घेऊन स्मिथ, हा पोर्टलंडचा पोरगा, ज्याचा पहिला अल्बम एका घराच्या तळघरात ध्वनिमुद्रित झाला होता. दिग्दर्शक गस व्हान सँटही पोर्टलंडचाच. त्यानं स्मिथची जुनी गाणी चित्रपटात घेतली होती, ‘बिटवीन द बार्स’, ‘एंजेलिस’, ‘से यस’. पण ऑस्करला गाणं चित्रपटासाठीच रचलेलं लागतं, त्यामुळे नामांकन मिळालं ते फक्त ‘मिस मिझरी’ला.

गाणं तीन मिनिटांहून मोठं. ते छाटून दोन मिनिटांच्या आत आणायला लावलं. बसून गायला खुर्ची दिली नाही. (अहो, आपल्याकडे मैफलीत गवयाला उभं राहायला सांगून बघा!) पांढरा सूट, हातात गिटार, मागे वाद्यवृंद. एवढ्या झगमगाटात त्यानं आवाज एक कणही चढवला नाही. ते चित्रीकरण पाहून लोक अजून ‘बिचारा’ म्हणतात, आणि मला राग येतो. बिचारा कसला? ते गाणं त्याच आवाजाचं आहे, तो त्याच आवाजात गायला. सेलीन डिऑन त्या रात्री त्याच्याशी फार प्रेमानं वागली. पुढे कुणी तिची टिंगल केली की तो तिची बाजू घ्यायचा. पुरस्कार तिच्या गाण्याला गेला. गाणी झाल्यावर ती, गायिका ट्रिशा इयरवुड आणि स्मिथ हात धरून प्रेक्षकांपुढे झुकले, ते दृश्य जरूर पाहा.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मुद्दा.

आपण पार्श्वगायनावर वाढलेली माणसं. आपल्याला गाणं कुणाच्या तरी ओठांवर दिसतं. इथे चित्रपटाचा नायक विल कधीच गात नाही. मनातलं बोलायची वेळ आली की तो चेष्टा करतो, भांडतो, पळतो. ते न बोललेलं स्मिथच्या आवाजात ऐकू येतं. स्मिथ स्वतःचाच आवाज दोनदा ध्वनिमुद्रित करून एकावर एक ठेवायचा, त्यामुळे कुणी आपल्याशीच पुटपुटतंय असं वाटतं. विलसाठी याहून योग्य आवाज मला सुचत नाही.

आणि शेवट. विल बॉस्टन सोडून कॅलिफोर्नियाला, आपल्या प्रेयसीकडे निघालाय. गाडी रस्त्यावर, नावं सरकतायत. सुखान्तच म्हणायचा. तेव्हा ‘मिस मिझरी’ सुरू होतं, आणि त्यातला माणूस व्हिस्कीच्या आधारानं दिवस कसाबसा निभावतोय! चित्रपट म्हणतो पोरगा सुटला. गाणं म्हणतं, दुःख मागच्या सीटवर बसून सोबत निघालंय. संवादांनी हे सांगितलं असतं तर प्रवचन झालं असतं. व्हान सँटनं ते गाण्यावर सोपवलं, म्हणून तो शेवट मला खरा वाटतो.