शंखी गोगलगाईची आईकडची वंशावळ

मंडळी, आजच्या प्राण्याची ओळख मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला करून द्यायला नको. २०२२ च्या जुलैत लातूर, बीड, धाराशिवकडे सोयाबीन दोन-चार पानांवर आलं असताना रातोरात फस्त झालं आणि कित्येकांवर दुबार पेरणीची वेळ आली. हे काम शंखी गोगलगाईचं. शास्त्रीय नाव लिसाकॅटिना फुलिका, जुन्या पुस्तकांत अकॅटिना फुलिका. ती मूळची पूर्व आफ्रिकेची.

तिथून ती निघाली ती माणसाच्या जिभेपायी आणि दुखण्यापायी. छातीच्या विकारावर हिचं सार गुणकारी, अशी समजूत होती. मादागास्करहून ती मॉरिशस आणि रियुनियनला गेली त्यामागे कुण्या गव्हर्नरच्या घरातल्या आजारी बाईची कथा सांगतात. कथा कितपत खरी ते सोडा, गोगलगाय मात्र पोचली. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या इंग्रज शंखसंग्राहकाने मॉरिशसहून काही जिवंत नग कलकत्त्याला आणले आणि ते चौरंगीतल्या एका बागेत सोडले गेले. पुढे श्रीलंका, मलाया, आणि १९३० च्या दशकात जपान्यांनी खाण्यासाठी म्हणून नेली ती तैवानला.

आता मुद्द्यावर येऊ. या प्रवासाचा पुरावा गोगलगाईच्या अंगात सापडतो का? सापडतो, पण तो काढताना घाम फुटतो. पायाचा, म्हणजे ज्यावर ती सरपटते त्या मांसल तळव्याचा, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा कापायचा आणि अल्कोहोलमध्ये ठेवायचा. इथवर सोपं. पण गोगलगाईचा चिकटा डीएनएला सोडत नाही. नळीच्या तळाशी डीएनए बसला असं वाटतं, आणि तो निघतो बुळबुळीत गोळा. त्यातली शर्करायुक्त द्रव्यं पुढची पीसीआरची, म्हणजे डीएनएच्या हव्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची, क्रिया बंद पाडतात. म्हणून वनस्पतींसाठी तयार झालेली सीटॅब नावाची पद्धत इथे वापरावी लागते. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे ऐकून कमीपणा वाटतो, वाटू दे.

यातून बहुधा माइटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या आणि स्वतःचा वेगळा डीएनए असलेल्या भागातला, १६एस नावाचा जनुक वाचतात. माइटोकॉन्ड्रिया आईकडून येतो. गोगलगाय उभयलिंगी, प्रत्येक प्राणी नरही आणि मादीही, पण अंडं जिचं तिचाच माइटोकॉन्ड्रिया पिलात उतरतो. या जनुकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांना हॅप्लोटाइप म्हणतात. जगभरचे नमुने तपासल्यावर चित्र असं दिसलं: पूर्व आफ्रिकेत आवृत्त्या अनेक, हिंदी महासागरातल्या बेटांवर काही, आणि त्यापलीकडे आशिया, पॅसिफिक, अमेरिकेत बहुतांशी एकच, 'सी' या अक्षराने ओळखली जाणारी. आपल्याकडेही प्रामुख्याने तीच. म्हणजे बेटांवर एक चाळणी लागली आणि जे खाली पडलं तेवढ्यावर अर्धं जग व्यापलं गेलं.

पाठ्यपुस्तक सांगतं, विविधता कमी तर जात दुबळी. मग ही दुबळी का नाही? एक तर आपण मोजतोय फक्त आईकडची बाजू. गोगलगाय एकदा मीलन झाल्यावर जोडीदाराचं शुक्र अनेक महिने साठवून ठेवते. बागेतल्या युरोपीय गोगलगाईत, कॉर्नु अस्पर्सममध्ये, एकाच खेपेच्या अंड्यांचे बाप अनेक असल्याचं डीएनएवरून सिद्ध झालेलं आहे. तसंच इथे असेल, तर प्रवासाला निघालेली एकटी गोगलगाय पोटात चार-पाच बाप घेऊन निघते, आणि आपल्या १६एसच्या तक्त्यात त्यांची नोंदच होत नाही. दुसरं कारण निव्वळ संख्या. एका खेपेला शेकड्याने अंडी. १९६६ मध्ये हवाईहून मायामीला परतलेल्या एका मुलाने तीन गोगलगाई आणल्या आणि आजीने त्या बागेत सोडून दिल्या. सात वर्षांत सतरा हजारांवर गोगलगाई वेचल्या गेल्या आणि बंदोबस्ताला दहा लाख डॉलरच्या घरात खर्च आला.

त्यामुळे परदेशी गेलेल्या गोगलगाईची विविधता कमी आहे याचा दिलासा कुणी मानू नये, असं माझं मत. काळजी करायची ती मायदेशातल्यांची.

पश्चिम आफ्रिकेत, घाना, आयव्हरी कोस्टच्या जंगलात, अकॅटिना अकॅटिना ही हिच्याच नात्यातली, वाघासारखे पट्टे असलेली भलीमोठी गोगलगाय आहे. पाऊस लागला की लोक ती वेचतात. घानातल्या कुमासी शहराकडच्या माणसाला तिचं मांस फार आवडीचं. तिला ओलं, सावलीचं जंगल लागतं. जंगलाचे तुकडे झाले की मधलं कोरडं शेत तिला ओलांडवत नाही. प्रत्येक तुकड्यात आपापसातच वीण होते आणि वर मोठी मोठी जनावरं वेचली जातात. जी विविधता घटते ती इथे, आणि ती दुसरीकडून आणता येत नाही, कारण दुसरीकडे ती नाहीच. युरोपात तरी याची थोडी जाण आली. कॉर्नु अस्पर्सममध्ये पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची असे दोन निराळे वंश उत्तर आफ्रिकेत स्पष्ट दिसतात, आणि युरोपातल्या बागा मुख्यतः पश्चिमेकडच्याने भरल्या आहेत. गंमत म्हणजे रोमजवळच्या टार्क्विनी गावाच्या परिसरात, सीझर-पॉम्पीच्या युद्धाच्या थोडं आधी, फुल्वियस लिपिनस हा गृहस्थ गोगलगाईंचे वाडे बांधून इलिरियाच्या, म्हणजे एड्रियाटिक समुद्रापलीकडच्या, मोठ्या वेगळ्या आणि आफ्रिकेच्या भरपूर वीण देणाऱ्या वेगळ्या ठेवत होता, असं रोमन लेखक प्लिनी नोंदवतो. वाण मिसळू द्यायचे नाहीत हे त्याला कळत होतं!

आणि सगळ्यात वाईट झालं ते मोरेया बेटावर. पॅसिफिकमधल्या या बेटावर पार्टुला नावाच्या चिमुकल्या झाडावरच्या गोगलगाई होत्या. खोऱ्याखोऱ्यात शंखाचे रंग-पट्टे वेगळे, त्यामुळे जनुकशास्त्रज्ञ पिढ्यान् पिढ्या तिथे जात. आफ्रिकन गोगलगाय तिथेही पोचली. तिला खाईल म्हणून १९७७ मध्ये युग्लँडिना रोझिया ही शिकारी गोगलगाय सोडली. तिने मोठीच्या वाटेला फारसं न जाता पार्टुला खाल्ल्या. दहा वर्षांत मोरेयाच्या जंगलातल्या पार्टुला जवळजवळ संपल्या. प्राणिसंग्रहालयांत आधीच नेऊन वाढवलेल्या काही जाती आता परत सोडताहेत, पण त्या मूठभर पूर्वजांच्या वंशातल्या आहेत. खोऱ्यागणिक होती ती विविधता गेली ती गेलीच.

मघाशी चिठ्ठी आली आहे: मग आपल्या शेतातल्याच का खाऊ नयेत, निर्यात का करू नये? ब्राझीलमध्ये हाच विचार करून १९८० च्या दशकाच्या अखेरीस पाराना राज्यात ही गोगलगाय फ्रेंचांच्या गोगलगाईच्या पदार्थाला स्वस्त पर्याय म्हणून आणली. गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा पाळणाऱ्यांनी ती सोडून दिली, आणि आज ती देशभर आहे. शिवाय हिच्या अंगात उंदराच्या फुप्फुसातल्या जंताच्या अळ्या असू शकतात. कच्ची किंवा अर्धी शिजलेली खाल्ली तर तो जंत माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत जातो. आणि आपल्या शेतात गोगलगाई मारायच्या मेटाल्डिहाइडच्या विषारी गोळ्या टाकलेल्या असतात, तेव्हा तिथली वेचून खाणं म्हणजे विषाची परीक्षा. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं बांधावर पसरा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्यात टाका. पहिला पाऊस पडला की लगेच, अंडी घालायच्या आत.