मालक कोण, ते आधी ठरवा

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचं आहे इंग्रजीतल्या अपॉस्ट्रॉफीबद्दल. अक्षराच्या डोक्याशी येणारं ते स्वल्पविरामासारखं चिन्ह. आपण नामाला चा, ची, चे लावतो, तिथे इंग्रजीत हे चिन्ह आणि एस येतो.

पंचाईत अशी, की ते कानाला ऐकू येत नाही. मी ‘द बॉईज रूम’ म्हटलं, तर खोली एका मुलाची की अनेकांची, हे तुम्हाला रेडिओवरून कळायचं नाही. कागदावर मात्र लगेच कळतं. बी, ओ, वाय, मग चिन्ह, मग एस, म्हणजे मुलगा एकच. बी, ओ, वाय, एस आणि त्यानंतर चिन्ह, म्हणजे मुलं अनेक. म्हणून उच्चारावर विसंबू नका. खोली कोणाची, ते आधी ठरवा. तो शब्द पूर्ण लिहा आणि त्याच्या शेवटी चिन्ह द्या. शब्द अनेकवचनी असून एसने संपत असेल तर तिथेच थांबा, नाहीतर पुढे एस जोडा.

चिल्ड्रन आणि विमेन ही अनेकवचनं, पण त्यांच्या शेवटी एस नाही. तेव्हा आधी चिन्ह, मग एस. इथे एसनंतर चिन्ह दिलेलं दिसलं की मला फार खटकतं, कारण चिल्ड्रन्स नावाचं अनेकवचन इंग्रजीत नाहीच.

रजेच्या अर्जातही हे लागतं. ‘टू वीक्स लीव्ह’ लिहाल तेव्हा चिन्ह एसनंतर. रजा एकाच आठवड्याची असेल तर एसच्या आधी. आणि नुसतं ‘टू बुक्स’ म्हणायचं असेल तर चिन्ह नकोच, तिथे मालकीचा प्रश्न नाही.

जुन्या इंग्रजीत बऱ्याच नामांची षष्ठी ‘ईएस’ लावून होत असे. पुढे त्यातला ई बोलण्यातून गळाला. सोळाव्या शतकात फ्रेंच छपाईतून हे चिन्ह आलं ते गाळलेल्या अक्षराची खूण म्हणून. मालकी दाखवायला ते नंतर रुळलं, आणि अनेकवचनी नामांवर तर थेट अठराव्या शतकात.

‘इट्स’मध्ये मात्र ती जुनी खूणच धरून चला. चिन्ह असेल तर तो ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’चा संक्षेप. मालकीचं ‘इट्स’ बिनचिन्हाचं, हिज, हर्स, अवर्स यांच्यासारखं. माझ्या मते सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो.

जेम्स, चार्ल्स अशा नावांना नुसतं चिन्ह द्या किंवा चिन्हासह आणखी एक एस द्या, दोन्ही चालतं. फक्त एका लिखाणात एकच पद्धत ठेवा.

ठिकाणांच्या नावांचं शास्त्र वेगळं. लंडनच्या भुयारी रेल्वेत अर्ल्स कोर्ट स्थानकाच्या नावात चिन्ह आहे, पिकॅडिली मार्गावरच्या लगतच्या बॅरन्स कोर्टला नाही. अमेरिकेत १८९० साली स्थापन झालेलं भौगोलिक नावांचं मंडळ तर ठिकाणांच्या नावातून हे चिन्ह काढूनच टाकतं. मार्थाज व्हिनयार्ड हा मोजक्या अपवादांपैकी एक. तेव्हा गावाचं किंवा स्थानकाचं नाव लिहिताना नियम लावत बसू नका, अधिकृत पाटीवर जसं असेल तसंच उतरवा.